शिकारीचे कपडे कशाने धुवावेत? डिटर्जंट निवडण्यापासून कपडे ठेवण्यापर्यंत

डिटर्जंटच्या जाहिराती दोनच वचनं देतात: कपडे लख्ख उजळतील आणि दिवसभर सुगंध दरवळेल. रानात दबा धरून बसणाऱ्याला नेमक्या याच दोन गोष्टी नको असतात. जिथे शिकारीला कायद्याने परवानगी आहे तिथला शिकारी असो, किंवा लपणात तासन्‌तास बसणारा वन्यजीव छायाचित्रकार, पक्षिनिरीक्षक वा अभ्यासक असो, सगळ्यांची गरज एकच. कपडा स्वच्छ हवा, पण तो कशाने धुतला हे कुणाला कळता कामा नये.

त्यामुळे इथे डिटर्जंट जोखायचा तो मळ किती काढतो यावर नाही. बाजारातला कुठलाही बरा डिटर्जंट मळ काढतोच. धुऊन, विसळून, वाळवून झाल्यावर तो कपड्यात मागे काय ठेवून जातो, हे बघायचं.

प्राण्याला नेमकं काय कळतं

आधी नाकाचं बघू. गंध ओळखणारी कार्यरत जनुकं माणसात साधारण ४००, कुत्र्यात त्याच्या सुमारे दुप्पट, आणि आफ्रिकी हत्तीत २,००० च्या जवळपास आहेत. हत्तीचा हा आकडा २०१४ च्या अभ्यासातला. जनुकं पाचपट म्हणून नाकही पाचपट तीक्ष्ण, असं सरळ गणित नसतं. पण जो सुगंध आपल्याला दोन दिवसांत जाणवेनासा होतो, तो हरणाला किंवा रानडुकराला आठवड्यानंतरही लागू शकतो, एवढं धरून चालावं.

डोळ्यांचा मामला जरा गुंतागुंतीचा आहे, आणि त्याबद्दल गैरसमजही पुष्कळ. पांढरा कपडा पिवळट दिसू नये म्हणून बहुतेक डिटर्जंटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. ही रसायनं धाग्याला चिकटून बसतात, डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतात आणि तोच साधारण ४२० ते ४७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशात बाहेर टाकतात. जुनी नीळ नुसता निळा रंग चढवायची. हे पदार्थ खरोखरचा निळा प्रकाश सोडतात.

आता हरणाचा डोळा. त्याच्याकडे रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार पांढऱ्या शेपटीच्या हरणात एक प्रकार ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, दुसरा ५३७ च्या आसपास. म्हणजे ब्राइटनर जो प्रकाश सोडतो तो बरोबर हरणाच्या निळ्या शंकूपेशींवर जाऊन पडतो. नारिंगी आणि लाल रंग मात्र त्याला रंग म्हणून जवळपास कळतच नाहीत. सुरक्षेसाठी घालायचं भडक नारिंगी जॅकेट हरणाला फारसं खुपत नाही, पण ब्राइटनरने धुतलेला हिरवा-तपकिरी शर्ट खुपू शकतो, तो यामुळे. (म्हणून नारिंगी जॅकेट काढून ठेवायचं काहीच कारण नाही. ते दुसऱ्या माणसांनी आपल्याला बघावं यासाठी आहे.)

‘हे कपडे अतिनील किरण परावर्तित करतात’ असं सर्रास वाचायला मिळतं. खरा प्रकार उलटा आहे. ब्राइटनर अतिनील गिळतात आणि निळा ओकतात. त्यामुळे प्राण्याला अतिनील दिसो वा न दिसो, निळी झाक त्याच्यापर्यंत पोचतेच. पहाटे आणि संध्याकाळी आकाशातून येणाऱ्या प्रकाशात निळ्याचा वाटा तुलनेने वाढतो, आणि रानात बसण्याची वेळही नेमकी तीच. अतिनीलही पुष्कळांना दिसतो. २०१४ साली लंडनमधल्या संशोधकांनी ३८ सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांतली भिंगं तपासली, तेव्हा कुत्रा, मांजर, रेनडियर अशा अनेकांची भिंगं बऱ्यापैकी अतिनील आत सोडतात असं आढळलं. माणसाचं भिंग तो जवळजवळ सगळा अडवतं. पक्ष्यांकडे तर शंकूपेशी चार प्रकारच्या, आणि कित्येकांची एक शंकूपेशी थेट अतिनीलसाठीच असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. डिटर्जंट कितीही चांगला असला तरी वारा आपल्याकडून प्राण्याकडे वाहत असेल तर उपयोग शून्य. श्वास, केस, त्वचा यांचा गंध कपडे धुऊन जात नाही. गंध शोषणारे खास पोशाख घातलेली माणसंसुद्धा प्रशिक्षित शोधश्वान हुडकून काढतात. हालचालीचंही तसंच: सतत चुळबुळ करणाऱ्याला कुठलाच कपडा वाचवत नाही. धुण्यातून फक्त आपण स्वतःच्या हाताने घातलेली भर टळते: कृत्रिम वास आणि निळी चमक. तेवढं मात्र नक्की हातात आहे.

पहिलं पाऊल: लेबल उलटून बघा

समोरच्या बाजूला लिहिलेलं सोडून द्या, मागची बारीक अक्षरं वाचा.

सगळ्यात आधी ब्राइटनर शोधा. ‘ऑप्टिकल ब्राइटनर’, ‘फ्लुओरेसंट व्हाइटनिंग एजंट’ अशी सरळ नावं असतात, किंवा ‘डायसोडियम डायस्टायरिलबायफिनाइल डायसल्फोनेट’ असं जिभेला गाठ मारणारं नाव. ‘स्टिलबीन’ हा शब्द दिसला तरी तेच समजा. युरोपीय संघाने २००४ च्या डिटर्जंट नियमांत ब्राइटनर, सुगंध आणि एन्झाइम यांचं प्रमाण कितीही कमी असलं तरी उल्लेख बंधनकारक केला, त्यामुळे तिकडच्या बाटल्यांवर ही माहिती सहज मिळते. जिथे घटकांची यादीच छापलेली नाही, तिथे कंपनीच्या संकेतस्थळावर उत्पादनाचं माहितीपत्रक बघा. तेही नसेल तर ‘पांढरे अधिक पांढरे’, ‘चमकदार शुभ्रता’ असली भाषा हीच खूण समजून ती बाटली खाली ठेवा.

मग सुगंध. ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रॅग्रन्स फ्री’ यांत फरक आहे. अनसेंटेड लिहिलेल्या उत्पादनात मूळ रसायनांचा वास दाबण्यासाठी दुसरा सौम्य गंध घातलेला असू शकतो. आपल्या नाकाला काही जाणवत नाही, पण गंधद्रव्य असतं. आपल्याला हवं ते फ्रॅग्रन्स फ्री. यादीत ‘परफ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’, ‘लिमोनीन’, ‘लिनालूल’ यांपैकी काहीही असेल तर बाद. ‘दीर्घकाळ ताजेपणा’ म्हणणाऱ्या उत्पादनांपासून तर चार हात दूर राहा. त्यांपैकी कित्येकांत सुगंध सूक्ष्म कॅप्सूलमध्ये बंद करून धाग्यावर बसवलेला असतो, आणि कापड घासलं की त्या फुटतात. झुडपातून जाताना बाही फांदीला घासली, मांडी घालून बसताना पँट पँटला घासली, की प्रत्येक वेळी ताजा सुगंध हवेत. वाळलेला शर्ट हुंगताना तो बिनवासाचा वाटेल, आणि चालायला लागल्यावर दरवळेल.

तिसरी गोष्ट, फॅब्रिक सॉफ्टनर. याबाबत माझं मत ठाम आहे: या कपड्यांच्या आसपासही नको. सॉफ्टनर धाग्यावर मेणचट थर देतो, त्यावरच त्याचं सगळं काम चालतं. या थरामुळे कापड घाम नीट शोषत नाही, श्वास घेणाऱ्या जॅकेटची क्षमता घटते आणि सुगंध पक्का बसतो. ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी शीटही याच जातीच्या. ‘टू इन वन’ डिटर्जंटमध्ये सॉफ्टनर आधीच मिसळलेला असतो, हे लक्षात ठेवा.

एन्झाइम वाईट नाहीत. रक्त, घाम, गवताचे डाग यांवर प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, उत्तम चालतं. अडचण फक्त लोकर आणि रेशमाची, कारण हे धागे स्वतःच प्रथिनांचे असतात. ब्लीच, मग ते क्लोरिनचं असो वा ऑक्सिजनचं, छद्मरंगाच्या कपड्यांना लावू नका. रंग उडून नक्षी फिकट पडू शकते.

लोकांच्या सहसा लक्षात न येणारा एक पर्याय आहे. रंगीत किंवा गडद कपड्यांसाठी म्हणून वेगळे विकले जाणारे लिक्विड डिटर्जंट बहुधा ब्राइटनर आणि ब्लीच यांच्याविनाच बनवलेले असतात, कारण दोन्ही गडद रंग बिघडवतात. पण ते अनेकदा भरपूर सुगंधी असतात. उलट लहान मुलांसाठीचे किंवा नाजूक त्वचेसाठीचे डिटर्जंट अनेकदा बिनवासाचे असतात, पण त्यांत ब्राइटनर नसतीलच असं नाही. दोन्ही अटी एकत्र पुरवणारा शोधा. सापडला की तोच कायम ठेवा. खास शिकाऱ्यांसाठी म्हणून विकले जाणारे डिटर्जंट बहुतांशी याच दोन अटी पाळतात. सोयीचे आहेत, पण त्यांच्यात जादू नाही. मातीचा किंवा पाइनचा वास घातलेले प्रकार मला तरी निरर्थक वाटतात. जिथे पाइनचं झाड नाही तिथे पाइनचा वास हाही परकाच वास.

पावडर की लिक्विड? या कामाला लिक्विड बरं. ते थंड पाण्यात पूर्ण विरघळतं आणि मात्रा हवी तशी कमी करता येते. पावडरमध्ये ब्राइटनर आणि ऑक्सिजन ब्लीच असण्याची शक्यता जास्त, शिवाय शिवणीत कण अडकतात. पॉड, म्हणजे एका धुण्यापुरती तयार पुडी, हिची मात्रा ठरलेली, म्हणून टाळा. साधा साबण कठीण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून चिकट साका धरतो, तो कपड्यावरच बसतो, तोही नको.

दुसरं पाऊल: घरच्या घरी परीक्षा

लेबलवर विसंबून न राहता तीन छोट्या चाचण्या करता येतात.

चमकेची चाचणी सगळ्यात बोलकी. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या. ३९५ वाला स्वस्त असतो, पण त्यातून दिसणारा जांभळा प्रकाशच इतका पडतो की सगळंच जांभळं भासतं आणि गोंधळ होतो. रात्री खोली पूर्ण अंधारी करा, शेजारी प्रिंटरचा पांढरा कागद ठेवा आणि टॉर्च आधी त्यावर मारा. कागद निळा-पांढरा पेटून उठेल, कारण त्यातही ब्राइटनर असतात. हा तुमचा मापदंड. आता शर्टवर मारा. कापड काळपट, निस्तेज राहिलं तर ठीक. कागदासारखं उजळलं तर ब्राइटनर आहेत. नीट पाहिलंत तर एकाच शर्टात तीन वेगवेगळे नमुने सापडतात: अंगाचं सुती कापड मंद निळं, शिवणीचा धागा लख्ख आणि कॉलरच्या आतलं लेबल सगळ्यांत तेजस्वी. धागा आणि लेबल कारखान्यातूनच तसे आलेले असतात. लेबल कापून टाका, धाग्याची फार चिंता नको. टॉर्च डोळ्यांत मारू नका. डिटर्जंट विकत घेतल्यावर पहिल्यांदा त्याचा एक थेंब बशीत टाकून हाच टॉर्च मारला, तरी बरंच कळतं.

वासाची चाचणी बरणीत करायची. धुऊन वाळवलेला रुमालाएवढा तुकडा झाकणाच्या स्वच्छ काचेच्या बरणीत टाका, ती तासभर उन्हात ठेवा, मग उघडून हुंगा. उष्णतेने गंध मोकळा होतो. हुंगायला शक्यतो असा माणूस बोलवा जो तुमच्या घरात राहत नाही. घरातल्या डिटर्जंटचा वास घरातल्यांच्या नाकाला जाणवेनासा झालेला असतो.

तिसरी चाचणी उरलेल्या डिटर्जंटची. धुतलेला कपडा बादलीभर कोमट पाण्यात, काहीही न घालता, चांगला खळबळा. पाण्यावर फेस आला तर मात्रा जास्त पडते आहे किंवा विसळणं अपुरं आहे.

तिसरं पाऊल: कापड ओळखा

सुती कापडाला ब्राइटनर फार घट्ट धरतात, कारण डिटर्जंटमधले बरेचसे ब्राइटनर सेल्युलोजच्या धाग्यासाठीच बनवलेले असतात. म्हणून सुती शर्ट-पँट पहिल्या धुण्यापासूनच योग्य डिटर्जंटमध्ये धुवा.

पॉलिएस्टरची खोड वेगळी. ते पाणी धरत नाही पण शरीराचं तेल धरतं, आणि त्या तेलावर जिवाणू वाढतात. २०१४ मधल्या एका तुलनेत व्यायामानंतर पॉलिएस्टरच्या टी-शर्टना सुतीपेक्षा जास्त उग्र वास येत असल्याचं दिसलं, आणि मायक्रोकॉकस गटातले जिवाणू पॉलिएस्टरवर जास्त फोफावलेले आढळले. असा शर्ट वापरल्या वापरल्या धुवा. वास मुरला असेल तर बादलीभर पाण्यात अर्धा कप खाण्याचा सोडा विरघळवून तासभर भिजत ठेवा. घामाच्या वासातली बरीचशी द्रव्यं आम्ल असतात. सोड्याशी संयोग होऊन त्यांचे क्षार बनतात आणि ते हवेत उडत नाहीत. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालण्याची पद्धत दिसते, पण दोघं एकमेकांचं काम संपवतात. व्हिनेगर आणि क्लोरिनचं ब्लीच तर कधीच एकत्र नको, विषारी क्लोरिन वायू तयार होतो.

लोकरीला एन्झाइम नसलेला, उदासीन सामूचा (ना आम्ल, ना अल्कली) डिटर्जंट आणि थंड किंवा जेमतेम कोमट पाणी. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवी पसरून वाळवा. लोकरीला मुळातच वास कमी धरतो, त्यामुळे दर वेळी धुण्याची गरज नसते. रात्रभर वाऱ्यावर टांगणं पुष्कळदा पुरतं.

जलरोधक जॅकेट डिटर्जंटच्या अवशेषाने बिघडतं. बाहेरच्या कापडावर पाणी झटकून टाकणारा लेप असतो आणि डिटर्जंटमधले घटक नेमके पाणी ओढणारे. थोडा जरी थर उरला तरी थेंब घरंगळण्याऐवजी कापडात मुरायला लागतात. अर्धी मात्रा, दोनदा विसळणं, आणि लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर २० मिनिटं. उष्णतेने लेप पुन्हा जागेवर बसतो. मेण चढवलेलं जॅकेट मात्र डिटर्जंटला दाखवूसुद्धा नका. थंड पाण्याचा स्पंज, बस्स.

गोचीड चिकटू नयेत म्हणून पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेले कपडे वेगळे धुवा. घरी फवारलेलं औषध साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतं, कारखान्यात बसवलेलं ७० धुण्यांपर्यंत टिकतं असा उत्पादकांचा दावा असतो. हे औषध माशांना घातक आणि ओलं असताना मांजरांना फार विषारी, म्हणून त्याचं पाणी ओढ्यात सोडू नका.

चौथं पाऊल: प्रत्यक्ष धुणं

कपड्यांआधी मशीन धुवा. साबणाचा खण पूर्ण बाहेर ओढा. त्याच्या मागच्या कोपऱ्यात, विशेषतः सॉफ्टनरच्या कप्प्याखाली, गुळगुळीत राखाडी चिकटा साठलेला असतो, आणि महिनोन्‌महिने जुना सुगंध त्यात असतो. जुन्या टूथब्रशने तो घासून काढा, दाराच्या रबराच्या घडीतही बोट फिरवा. मग मशीन रिकामंच सर्वांत गरम चक्रावर एकदा चालवा. हे केलं नाही तर महागातला बिनवासाचा डिटर्जंटही वाया.

चिखल ओला असताना धुवायला घेऊ नका, तो धाग्यात आणखी खोल जातो. वाळू द्या, झटका, कोरड्या ब्रशने काढा. रक्ताचं उलट: ताजं असतानाच थंड पाण्याखाली धरा. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का होतो. उरलेल्या डागावर एन्झाइमवाला डिटर्जंट थेट लावून अर्धा तास ठेवा. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं, पण ते रंग फिकवू शकतं, म्हणून आधी आतल्या शिवणीवर लावून पाहा.

आता झिप आणि वेल्क्रो बंद करा, खिसे रिकामे करा, कपडे उलटे करा. घाम आणि तेल आतल्या बाजूलाच असतं, आणि बाहेरची नक्षीही टिकते. मशीन दोन तृतीयांशच भरा. घरातले इतर कपडे यात मिसळू नका. टॉवेलमधले ब्राइटनर पाण्यातून शर्टवर येतात. पाणी ३० ते ४० अंश. मात्रा झाकणावरच्या खुणेपेक्षा कमीपासून सुरू करा. शेवटी जादा विसळण्याचं बटण दाबाच.

हाताने धुणाऱ्यांचं काम उलट सोपं. बादली आधी नुसत्या गरम पाण्याने दोनदा धुवा, आणि कपडे इतक्या वेळा विसळा की शेवटचं पाणी नितळ येईल.

पाचवं पाऊल: वाळवणं आणि ठेवणं

मोकळ्या हवेत, सावलीत वाळवा. कडक ऊन रंग विटवतं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, चुलीच्या धुराच्या वाटेवर किंवा शेजारच्या सुगंधी कपड्यांना लागून दोरी नको. ड्रायर वापरायचाच तर त्यात पूर्वी सुगंधी शीट टाकल्या असतील तर ड्रम आतून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका, दमट कपड्याला कुबट वास लगेच धरतो. घट्ट झाकणाचा बिनवासाचा डबा घ्या. नवा प्लास्टिकचा डबा असेल तर तो आठवडाभर उघडा ठेवून त्याचा वास आधी जाऊ द्या. डांबराच्या गोळ्या अर्थातच नको.

आधीच चमकणारे कपडे असतील तर? ब्राइटनर एका धुण्यात निघत नाहीत. योग्य डिटर्जंटने वारंवार धुऊन आणि मधूनमधून ऊन दाखवून चमक हळूहळू उतरते. दर दोन-तीन धुण्यांनी टॉर्च मारून बघत राहा. ती रोखणारे खास स्प्रे मिळतात, पण ते फवारल्यावर पुन्हा ब्राइटनरचा डिटर्जंट लागला तर मेहनत फुकट. सुती शर्ट फारच पेटत असेल तर तो आतून घाला आणि वर न चमकणारं जॅकेट चढवा.

आणि हे सगळं करून कपडे घरूनच घालून निघू नका. गाडीच्या सीटवर एअर फ्रेशनरचा वास असतो, वाटेत इंधन भरताना पेट्रोलचा लागतो. डबा मागे टाका, पोचल्यावर गाडीबाहेर उभं राहून बदला, आणि उतरवलेले कपडे त्याच डब्यात न ठेवता दुसऱ्या पिशवीत भरा.